चौघांपैकी एकटा कोण भारी?

लिव्हरपूलमधला एक शनिवार, चार घरं, दोन पब आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये अर्धवट राहिलेलं एक भांडण...

'बीटल्सचं बेस्ट गाणं कोणतं?' असं कुणी विचारलं ना, की समजायचं, गडी अजून नवा आहे. मुरलेला फॅन हा प्रश्न विचारतच नाही. तो दुसरा ग्लास येऊ देतो, खुर्ची जरा पुढे ओढतो आणि म्हणतो, 'ते सोड रे. बँड तुटल्यावर कुणी जास्त भारी काम केलं, ते सांग.' बास! मग पुढचे चार तास गेलेच म्हणून समजा.

आम्ही हे चार तास कॉलेजची चार वर्षं घालवलेत. कोथरूडचा टू बीएचके, चार पोरं आणि एक गिटार. ती गिटारही हप्त्यावर घेतलेली. दर शनिवारी रात्री मेसच्या बिलाच्या मागच्या बाजूला 'सोलो टॉप टेन' लिहिली जायची. नियम कडक होते. बीटल्सचं एकही गाणं चालणार नाही. फक्त जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगोनं एकेकट्यानं केलेलं. पॉलचा 'विंग्ज' बँड धरायचा, कारण नाही धरला तर आमचा एक मित्र जेवायचा नाही! मी जॉनचा माणूस. तो पॉलचा. तिसरा जॉर्जचा. आणि चौथ्याकडे दुसरं कुणी उरलंच नाही म्हणून तो रिंगोचा. तसाही तो आमचा ड्रमरच होता.

हो, आमचाही बँड होता. कॉलेजच्या फेस्टमध्ये तीनदा वाजवलं, एकदा साउंड सिस्टिम बंद पडली, एवढीच आमची करिअर. पण दोन गाणी आम्ही स्वतःची केली होती. त्या दोन गाण्यांचं पुढे काय झालं, ते सांगतो. आधी लिव्हरपूलला जाऊ.

मँचेस्टरहून एका तासावर

कंपनीनं तीन महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं ते मँचेस्टरला. तिथून लिव्हरपूल ट्रेननं तासाभराच्या आत. (मुंबई-पुणे करणाऱ्या माणसाला हे म्हणजे शिवाजीनगरहून चिंचवडला गेल्यासारखं!) या दोन शहरांमधली रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या तेवीस वर्षं आधी. जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी लाइम स्ट्रीट स्टेशनवर उतरलो, तेव्हा खांद्यावर एक सॅक होती आणि आमच्या ग्रुपवर ड्रमरचा मेसेज होता. 'माझ्या घरापासून सुरुवात कर.'

माझ्या घरापासून म्हणजे रिंगोच्या. ग्रुपवर आता आम्ही तिघंच आहोत. पॉलवाला दोन वर्षांपूर्वी बाहेर पडला.

पहिलं घर : डिंगल

रिंगोचा जन्म १९४० चा, डिंगल भागातल्या ९, मॅड्रिन स्ट्रीटचा. पुढे तो शेजारच्याच १०, अ‍ॅडमिरल ग्रोव्हमध्ये वाढला. गल्ली एवढी चिंचोळी, की समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत असत्या तर मोजता आल्या असत्या. टुमदार वगैरे काही नाही. कामगारांची वस्ती, एकाला एक चिकटलेली घरं, बुटकी दारं. लहानपणी रिंगो दोनदा मोठ्या आजारात सापडला. दुसऱ्या वेळी क्षयरोगामुळे त्याचा हॉस्पिटलमधला मुक्काम लांबला आणि तिथेच त्याच्या हाताला ड्रम लागला. शाळा सुटली ती सुटलीच.

गल्लीच्या तोंडाशी 'द एम्प्रेस' नावाचा पब आहे. फॅन लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत असतात, कारण रिंगोच्या 'सेंटिमेंटल जर्नी' या पहिल्या सोलो अल्बमच्या कव्हरवर हाच पब आहे. तो अल्बम मार्च १९७० चा. बँड तुटल्याची बातमी जगाला कळली ती १० एप्रिल १९७० ला. म्हणजे ज्याला सगळे 'लकी ड्रमर' म्हणून हिणवतात, तो पॉलच्या पहिल्या सोलो अल्बमच्या आधी स्वतःचा अल्बम काढून, त्यावर आपल्या गल्लीतल्या पबचा फोटो लावून मोकळा झाला होता. भारीच ना?

आता एक आकडा सांगतो. या आकड्यावरून आमच्या फ्लॅटमध्ये एकदा उशी फाटली होती. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' मध्ये एक नंबरला गेलेली सोलो गाणी मोजा. पॉल नऊ. जॉर्ज तीन. जॉन दोन. आणि रिंगो? तोही दोन! 'फोटोग्राफ' आणि 'यू आर सिक्स्टीन'. जॉनच्या हयातीत तर त्याचं एकच गाणं तिथे पोहोचलं, १९७४ चं 'व्हॉटएव्हर गेट्स यू थ्रू द नाइट'. दुसरं, 'स्टार्टिंग ओव्हर', तो गेल्यावर. म्हणजे जॉन जिवंत असताना रिंगो दोन-एकनं पुढे होता! आमचा ड्रमर हे वाक्य दर शनिवारी म्हणायचा. मी दर शनिवारी म्हणायचो, 'चार्टनं काय होतं?' आणि पॉलवाला म्हणायचा, 'नऊ असतील तर होतं.'

पण लिव्हरपूल रिंगोवर थोडं रागावलेलंही होतं बरं का. २००८ मध्ये हे शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, तेव्हा उद्घाटनाला सेंट जॉर्जेस हॉलच्या छतावर रिंगोच गायला होता. गाण्याचं नावही 'लिव्हरपूल ८', म्हणजे त्याच्या वस्तीचा पिनकोड. आणि लगेच एका टीव्ही शोमध्ये 'लिव्हरपूलचं काय मिस करतोस?' या प्रश्नावर पठ्ठ्यानं 'काहीच नाही' छाप उत्तर दिलं. साउथ पार्कवे स्टेशनबाहेर चौघांच्या आकारात झुडपं कापून केलेले पुतळे होते. थोड्याच दिवसांत त्यातल्या फक्त रिंगोचं मुंडकं कुणीतरी छाटून टाकलं! शहर असावं तर असं. प्रेम करतंय, पण हिशेब पण ठेवतंय.

दुसरं घर : आर्नल्ड ग्रोव्ह

जॉर्ज हॅरिसनचं घर वेव्हरट्रीमध्ये, १२, आर्नल्ड ग्रोव्ह. बंद गल्ली. खाली दोन खोल्या, वर दोन, संडास मागच्या अंगणात. सगळ्यात धाकटा बीटल इथे जन्मला आणि वयाची पहिली काही वर्षं इथेच राहिला. २०२४ मध्ये इथे निळी स्मृतिफलकाची थाळी बसली. गल्लीत लोक राहतात, म्हणून आवाज न करता उभा राहिलो. एका खिडकीत मांजर होतं, तेवढंच माझ्याकडे बघत होतं.

जॉर्जबद्दल मला नेहमी वाटतं, हा आपल्या ऑफिसमधला तो मुलगा आहे. मीटिंगमध्ये तीनदा हात वर करतो आणि दोन सीनियर बोलतच राहतात. १९६९ च्या जानेवारीत त्यानं 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणं बँडसमोर ठेवलं, रिहर्सलही झाल्या, पण बीटल्सच्या अल्बमवर ते आलं नाही. पीटर जॅक्सनच्या २०२१ च्या 'गेट बॅक'मध्ये तो सगळा अवघडलेपणा बघायला मिळतो. मग बँड तुटला आणि नोव्हेंबर १९७० मध्ये जॉर्जनं साठवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. तीन रेकॉर्डचा अल्बम! त्यातलं 'माय स्वीट लॉर्ड' हे अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे एक नंबरला गेलेलं पहिलं सोलो बीटल गाणं. (पुढे त्यावर चालीचा खटला झाला. १९७६ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, की 'ही इज सो फाइन'ची चाल जॉर्जनं नकळत उचलली. 'नकळत' हा शब्द लक्षात ठेवा. मला तो दिवसभर टोचत होता.)

आणि आपल्यासाठी खास गोष्ट. बीटल्सपैकी कुणाचाही पहिला सोलो अल्बम कोणता? १९६८ चा 'वंडरवॉल म्युझिक', जॉर्जचा. आणि त्याचा मोठा भाग रेकॉर्ड झाला आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, जानेवारी १९६८ मध्ये! आशिष खान यांचं सरोद, शिवकुमार शर्मांचं संतूर. वादकांच्या यादीत नीट बघितलंत तर बासरीवर केंकरे आणि सूरबहारवर नारिंग्रेकर ही नावंही सापडतील. म्हणजे बीटल्सच्या सोलो करिअरच्या पहिल्याच नारळात मुंबईचा मोठा वाटा. ऑफिसातला कुणी 'वेस्टर्न म्युझिक आपलं नाही' म्हणाला, तर त्याला हे ऐकवा.

मॅथ्यू स्ट्रीटचं कोर्ट

दुपारी मॅथ्यू स्ट्रीटला आलो. इथेच ते कॅव्हर्न क्लब. बीटल्स इथे २९२ वेळा वाजले, शेवटचं ऑगस्ट १९६३ मध्ये. खरं सांगायचं तर आजचं कॅव्हर्न हे ओरिजिनल नाही. १९७३ मध्ये रेल्वेच्या भुयारासाठी हवेचा झरोका काढायचा म्हणून ते पाडलं. तो झरोका कधी झालाच नाही! (ओळखीची गोष्ट वाटतेय ना?) मग १९८४ मध्ये जुन्याच पुष्कळशा विटा वापरून, जुन्याच जागेला धरून ते पुन्हा बांधलं. जिना उतरून खाली जावं लागतं. कमानी, घाम, बियरचा वास, आणि भर दुपारी एकटा माणूस गिटार घेऊन फर्माइशी वाजवतोय.

माझ्या टेबलवर कोण? अर्जेंटिनाचं एक जोडपं, हनिमूनला आलेलं. एक रिटायर्ड लिव्हरपूलकर काका, ज्यांनी आयुष्यभर टॅक्सी चालवली. आणि मी. काकांनी विचारलं, 'तुझा कोण?' म्हटलं, 'जॉन.' त्यांनी अशी मान हलवली, जशी आपल्याकडे सदाशिव पेठेतले आजोबा मुलाखतीला आलेल्या जावयाकडे बघून हलवतात.

पुढचा दीड तास म्हणजे शुद्ध स्वर्ग. काकांनी ग्लासखालचे पुठ्ठे गोळा केले. प्रत्येकाला तीन. प्रत्येक पुठ्ठ्यावर एक गाणं लिहायचं आणि बाजू मांडायची. एकच अट, 'इमॅजिन' लिहायचं नाही. 'ते सचिनसारखं झालंय,' असं मी समजावलं असतं, पण अर्जेंटिनाच्या मुलीनं माझ्या आधी मॅराडोनाचं उदाहरण दिलं. मुद्दा तोच. त्याला रँकिंग नसतं. आणि एक सांगू? या शहराचं विमानतळ जॉन लेननच्या नावाचं आहे, आणि त्याचं घोषवाक्यही 'इमॅजिन'मधूनच उचललेलं.

तिनं पहिलाच पुठ्ठा टाकला, 'बँड ऑन द रन'. तिची बाजू ऐका. १९७३. रेकॉर्डिंगला नायजेरियातल्या लागोसला जायचं ठरलं, निघायच्या तोंडावर पॉलचे दोन मेंबर सोडून गेले. लागोसमध्ये पॉलला चाकू दाखवून लुटलं, डेमोच्या टेप्सही गेल्या. अशा अवस्थेत तिघांनी मिळून असा अल्बम केला. 'बँड गेला, टीम गेली, टेप गेल्या, तरी पोरगा वाजवतोय. सोलो म्हणजे हेच ना?' टाळ्या!

तिच्या नवऱ्यानं टाकलं 'जेलस गाय'. तेव्हा मी उठून त्याला मिठीच मारायची बाकी होती. या चालीवर जॉननं आधी वेगळेच शब्द लिहिले होते, तेही १९६८ मध्ये आपल्या ऋषिकेशच्या दिवसांत. तेव्हाचं ते निसर्गाचं गाणं पडून राहिलं. तीन वर्षांनी त्याच सुरांवर त्यानं स्वतःच्या मत्सराची कबुली लिहिली. चाल तीच, माणूस बदलला.

काकांनी टाकलं 'मल ऑफ किनटायर'. आम्ही तिघं एकदम ओरडलो. बॅगपाइपवालं? ते? काका शांत. '१९७७. नऊ आठवडे एक नंबर. वीस लाखांच्या वर खपलेलं या देशातलं पहिलं सिंगल. बीटल्सच्या 'शी लव्ह्ज यू'चा रेकॉर्ड त्यानंच मोडला. मला ते गाणं अजिबात आवडत नाही. पण त्या वर्षी माझ्या टॅक्सीत बसलेला प्रत्येक माणूस ते गुणगुणत होता. यादी माझ्या आवडीची आहे की गाण्याची?'

हा प्रश्न कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्हाला चार वर्षांत कधी पडला नव्हता.

मी माझा शेवटचा पुठ्ठा टाकला. 'हाउ डू यू स्लीप?', १९७१. पॉलनं 'रॅम' अल्बमवर जॉनला चिमटे काढले, आणि जॉननं 'इमॅजिन'च्याच अल्बमवर हे गाणं टाकून पॉलला उभा-आडवा सोलला. जगाला शांततेचं स्वप्न दाखवणाऱ्या त्याच रेकॉर्डवर! आणि त्यात स्लाइड गिटार कुणाची? जॉर्जची. मी जोरात म्हणालो, 'वाजवण्यात हे गाणं खतरनाक आहे. राग असावा तर असा.'

काका म्हणाले, 'वाजवण्यात आहेच. पण ते ऐकून मला कधी जॉन बरोबर वाटला नाही.' आणि पुठ्ठा उलटा करून त्यावर ग्लास ठेवला. माझं गाणं आउट.

माझं 'हाउ डू यू स्लीप?'

आता आमच्या त्या दोन गाण्यांबद्दल. त्यातलं एक होतं कर्वे रोडवरच्या पावसाचं. चाल त्याची, म्हणजे पॉलवाल्याची. धृपद त्याचं. दोन अंतरे माझे, रात्री तीन वाजता गॅलरीत बसून लिहिलेले. बँड संपला, मी आयटीत गेलो, तो बँकेत. दोन वर्षांपूर्वी त्यानं ते गाणं घरीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं. चांगलं झालं होतं. खाली लिहिलं होतं, गीत-संगीत-गायन, आणि एकच नाव.

मी फोन करायला हवा होता. मी कॉमेंट टाकली. काय लिहिलं ते इथे लिहीत नाही, पण त्यात 'चोर' हा शब्द होता आणि त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी ती वाचली. त्यानं व्हिडिओ काढून टाकला आणि ग्रुप सोडला. मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो, की मी बरोबर होतो. होतोच की! अंतरे माझेच होते.

तिसरं आणि चौथं घर

पॉलचं २०, फोर्थलिन रोड आणि जॉनचं २५१, मेन्लव्ह अ‍ॅव्हेन्यू ही दोन्ही घरं आता नॅशनल ट्रस्टकडे आहेत. आत जायचं तर त्यांच्या छोट्या बसचं बुकिंग लागतं. आत फोटो काढू देत नाहीत, आणि त्यामुळे माणसं चक्क घर बघतात!

मजा बघा. 'वर्किंग क्लास हीरो' हे १९७० चं गाणं जॉनचं. पण चौघांमध्ये सगळ्यात ऐसपैस घर जॉनचंच. मावशी मिमीचं, बागेचं, 'मेंडिप्स' असं नाव असलेलं. २००२ मध्ये योको ओनोनं ते विकत घेऊन ट्रस्टला दिलं. पॉलचं मात्र महापालिकेनं बांधलेलं भाड्याचं घर. आमच्या जॉर्जवाल्या मित्राचा हा हुकमी मुद्दा असायचा, आणि माझ्याकडे त्यावर आजही उत्तर नाही.

दोन्ही घरांच्या मध्ये गोल्फचं मैदान. ते ओलांडून जॉन गिटार घेऊन पॉलकडे यायचा. वडील कामावर गेलेले असायचे, आई नुकतीच गेलेली. पुढच्या खोलीत ही दोन पोरं समोरासमोर बसून गाणी लिहायची. खोली इतकी लहान आहे, की आम्ही सात-आठ टुरिस्ट उभे राहिलो तर कोपर एकमेकांना लागत होतं. शाळेच्या वहीत गाणं उतरवायचं आणि वर दोघांची नावं टाकायची. कुणी किती लिहिलं, हा हिशेब नाही. तेव्हाच ठरलं, की नाव दोघांचं जाणार.

आणि त्या एका ठरावानं पुढे किती तमाशे केले! १९६९ चं 'गिव्ह पीस अ चान्स' जॉननं पॉलशिवाय केलं, पण त्यावर नाव आधी लेनन-मॅकार्टनी. २००२ मध्ये पॉलनं एका लाइव्ह अल्बमवर बीटल्सच्या १९ गाण्यांना नावाचा क्रम उलटा केला, आधी मॅकार्टनी मग लेनन, तर केवढा गदारोळ झाला. आणि आमच्या न-रँक होणाऱ्या 'इमॅजिन'चं काय? डिसेंबर १९८० मध्ये, मृत्यूच्या दोनच दिवस आधी, जॉननं बीबीसीच्या मुलाखतीत कबूल केलं, की त्यावर योकोचंही नाव हवं होतं, कारण कल्पना बरीचशी तिची. तेव्हा त्यानं ते दिलं नव्हतं. अमेरिकेतल्या म्युझिक पब्लिशर्सच्या संघटनेनं ते मिळणार असल्याचं जाहीर केलं २०१७ मध्ये!

म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या गाण्याचंही नाव टाकायचं राहिलं होतं. त्या खोलीत उभा असताना पहिल्यांदा वाटलं, की आमच्या त्यानं कदाचित चोरलं नसेल. फॉर्म भरताना नाव टाकायचं राहिलं असेल. किंवा, दहा वर्षं गुणगुणून ते सगळंच त्याला आपलं वाटायला लागलं असेल. नकळत.

पिअर हेड, रात्रीचे नऊ

जुलैत इथे नऊ वाजताही उजेड असतो. पिअर हेडला मर्सी नदीच्या काठावर चौघांचे पुतळे आहेत, २०१५ मध्ये बसवलेले. माणसापेक्षा मोठे, कोट घातलेले, चालत निघालेले. सगळे टुरिस्ट मध्येच घुसून फोटो काढतात. मी बाजूच्या कठड्यावर बसून ग्रुपवर दिवसाची यादी टाकली. ड्रमरचा रिप्लाय एका मिनिटात. 'रिंगोला एक तरी नंबर दे. 'रिंगो' अल्बम विसरलास काय? १९७३. फक्त त्याच्यासाठी तिघंही आले होते.'

खरंय ते. चौघं एकत्र एका गाण्यात नाहीत, पण त्या एका अल्बमवर चौघंही आहेत. जॉननं 'आय'म द ग्रेटेस्ट' लिहून दिलं, त्यात जॉन, जॉर्ज आणि रिंगो एकत्र वाजले. पॉलनं 'सिक्स ओ'क्लॉक' दिलं. 'फोटोग्राफ' जॉर्जबरोबर लिहिलेलं. बाकीचे एकमेकांशी कोर्टात बोलत होते, तेव्हा ड्रमरशी मात्र सगळे बोलत होते.

मी टाइप केलं, 'तो कसा आहे रे?'

'मुलगी झालीय त्याला. चार महिने झाले. तुला माहीत नाही?'

नव्हतं माहीत.

जॉन आणि पॉलचं पुढे थोडं जमलं होतं. १९७६ च्या एप्रिलमध्ये पॉल न्यूयॉर्कला जॉनच्या घरी गेला, दोघांनी टीव्ही बघितला. नंतर फोनवर बोलायचे. पॉलनं सांगितलंय, की शेवटी बोलणं गोड झालं, पाव कसा भाजायचा वगैरे घरगुती, याचं त्याला फार समाधान वाटतं. १९८२ चं 'हिअर टुडे' हे त्याचं गाणं म्हणजे नसलेल्या जॉनशी मारलेल्या गप्पा. आम्ही ते टॉप टेनमध्ये कधीच घेतलं नव्हतं. विशीत ते गाणं स्लो वाटतं.

भारतात दीड वाजला होता. मी फोन लावला. चार रिंग झाल्या.

'काय रे? काय झालं?' आवाज दबका. मागे बाळ रडत होतं.

'काही नाही. लिव्हरपूलला आहे. पॉलच्या घरी जाऊन आलो.'

बराच वेळ काही नाही. मग, 'खोली केवढी आहे?'

'आपल्या हॉलपेक्षा लहान.'

'हं.'

मग मी जे बोलायचं होतं ते बोललो. कॉमेंटबद्दल. 'सॉरी' हा शब्द फोनवर फार छोटा वाटतो, म्हणून दोनदा म्हणालो. तो म्हणाला, की नाव त्यानं खरंच टाकलं नव्हतं, आणि मला विचारायला हवं होतं, हे त्याला व्हिडिओ टाकताना माहीत होतं. म्हणजे 'नकळत' वगैरे काही नव्हतं! माझी थिअरी फेल. पण मला राग आला नाही. त्यानं खरं सांगितलं होतं.

'हिला झोपवायला तेच गाणं म्हणतो मी,' तो म्हणाला. 'तुझ्या अंतऱ्यालाच झोपते. बोअर होत असेल.'

मग पंधरा मिनिटं 'मल ऑफ किनटायर'वर भांडलो. काकांचा मुद्दा मी काकांपेक्षा जोरात मांडला, आणि पॉलचा हा भक्त म्हणाला, की ते गाणं त्यालाही सहन होत नाही! दहा वर्षं कुणासाठी भांडत होतो आम्ही?

ठेवताना त्यानं विचारलं, 'परत टाकू का व्हिडिओ? दोन नावं टाकतो. आधी कुणाचं?'

म्हटलं, 'अल्फाबेटिकल टाक.'

'म्हणजे परत तुझंच आधी!' आणि फोन ठेवला.

माझी टॉप टेन (भांडायला या!)

१. जेलस गाय (जॉन, १९७१)
२. मेबी आय'म अमेझ्ड (पॉल, १९७०)
३. व्हॉट इज लाइफ (जॉर्ज, १९७०)
४. हिअर टुडे (पॉल, १९८२)
५. इन्स्टंट कर्मा! (जॉन, १९७०. लिहिलं आणि रेकॉर्ड केलं एकाच दिवसात!)
६. फोटोग्राफ (रिंगो, १९७३)
७. ऑल थिंग्ज मस्ट पास (जॉर्ज, १९७०)
८. बँड ऑन द रन (पॉल आणि विंग्ज, १९७३)
९. इट डोन्ट कम इझी (रिंगो, १९७१)
१०. वॉचिंग द व्हील्स (जॉन, १९८०)

जायचं असेल तर...

* मँचेस्टरहून ट्रेननं सहज एका दिवसात होतं. पण रात्र काढलीत तर कॅव्हर्नची संध्याकाळ मिळेल.
* पॉल आणि जॉनच्या घरांचं बुकिंग नॅशनल ट्रस्टकडे आधीच करा. थेट जाऊन दार वाजवून उपयोग नाही.
* जॉर्ज आणि रिंगोच्या गल्ल्यांत आजही लोक राहतात. फोटो काढा, आरडाओरडा नको.
* वूल्टनचं सेंट पीटर्स चर्च चुकवू नका. ६ जुलै १९५७ ला इथल्याच जत्रेत जॉन आणि पॉल पहिल्यांदा भेटले.
* जवळच 'स्ट्रॉबेरी फील्ड'. मुलांचा आश्रम २००५ मध्ये बंद झाला, २०१९ पासून ही जागा सगळ्यांसाठी खुली आहे.
* मॅथ्यू स्ट्रीटवरच्या 'द ग्रेप्स'मध्ये बसा. कॅव्हर्नमध्ये तेव्हा दारू मिळत नसे, म्हणून बीटल्स इथे यायचे.
* आणि बॅटरी फुल ठेवा. एखादा फोन लावावासा वाटू शकतो.